काठावरचा तरुण हॉकीपटू एनएचएलमध्ये टिकेल का? ओळखायचं कसं

सप्टेंबर संपत येतो तेव्हा एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आईस हॉकी लीगच्या, सराव सामन्यांत दरवर्षी एखादा एकवीस वर्षांचा मुलगा दोन गोल ठोकतो आणि सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संघाची यादी लागते आणि त्यात तो नसतो. आईस हॉकी नव्याने पाहू लागलेल्या माणसाला वाटतं, पोरावर अन्याय झाला. कधीकधी होतोही. पण बहुतेक वेळा प्रशिक्षकाने असं काहीतरी पाहिलेलं असतं, जे त्या दोन गोलांच्या झगमगाटात आपल्या नजरेतून निसटलेलं असतं.

ते पाहायची सवय कशी लावायची, हे पायरीपायरीने सांगतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू घेतात त्या वार्षिक निवडीत, पहिल्या पाचात निवडल्या जाणाऱ्या मुलांसाठी हा लेख नाही. त्यांना संधीवर संधी मिळते. काठावर उभ्या असलेल्या मुलाला अकरा-बारा सामने मिळतात, तेही कुणाला दुखापत झाली म्हणून. त्याच्याबद्दल मत बनवताना आपण जास्त काळजी घेतली पाहिजे, कारण त्याच्याबद्दलची मतंच सगळ्यात घाईने बनतात.

पायरी १ : जागा किती आहेत, ते मोजा

एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत. हंगामाचा बहुतेक काळ प्रत्येक संघाच्या यादीत जास्तीत जास्त २३ खेळाडू राहू शकतात, म्हणजे सगळे मिळून ७३६. त्यातले २० सामन्याला उतरतात: साधारणपणे १२ फॉरवर्ड, ६ बचावपटू आणि २ गोलरक्षक. दुसऱ्या बाजूला दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत २२४ मुलं निवडली जातात. शिवाय न निवडलेले, अमेरिकेतल्या विद्यापीठांतून आलेले आणि युरोपातून आलेले वेगळेच.

या ७३६ जागांपैकी बऱ्याचशा मोठ्या करारांनी आधीच भरलेल्या असतात. काठावरच्या फॉरवर्डसाठी खरोखर मोकळं असतं ते चौथ्या लाइनवरचं (लाइन म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) एखादं स्थान आणि बाकावरच्या तेराव्या-चौदाव्या फॉरवर्डची जागा. बचावपटूसाठी तिसऱ्या जोडीतली एक जागा आणि सातव्याची. म्हणजे तुमच्या आवडत्या पोराची स्पर्धा संघातल्या ताऱ्यांशी नसते. त्याच कामासाठी धडपडणाऱ्या आणखी तीन-चार जणांशी असते.

‘टिकला’ कशाला म्हणायचं, हेही आधीच ठरवून टाका. मी २०० एनएचएल सामने धरतो. तेवढे खेळलेल्याला किमान तीन वेगवेगळ्या हंगामांत, बहुधा दोन प्रशिक्षकांनी, जाणूनबुजून निवडलेलं असतं. तुम्ही १०० धरा, हरकत नाही. पण आकडा आधी लिहून ठेवा, नाहीतर नंतर आपण आपल्याच सोयीने व्याख्या बदलत बसतो.

पायरी २ : खेळाआधी कागद वाचा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण अर्ध्याहून अधिक गैरसमज इथेच मिटतात. खेळाडू खाली एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्ये, गेला म्हणजे तो कमी पडलाच असं नाही. अनेकदा तो जातो, कारण त्याला पाठवणं सोपं असतं.

इथे वेव्हर्स नावाचा नियम समजून घ्यावा लागतो. अनुभवी खेळाडूला एएचएलमध्ये पाठवायचं असेल तर त्याला आधी वेव्हर्सवर ठेवावं लागतं आणि चोवीस तासांत दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. तरुणांना काही काळ यातून सूट असते. वयाच्या १८ व्या वर्षी करार केलेल्या स्केटरला (गोलरक्षक सोडून कुठल्याही खेळाडूला) ढोबळमानाने पाच वर्षं किंवा १६० एनएचएल सामने, यांपैकी जे आधी येईल तोवर. २० व्या वर्षी करार केला असेल तर तीन वर्षं किंवा १६० सामने. २२ व्या वर्षी केला असेल तर तीन वर्षं किंवा ७० सामने. पोटनियम आणखी आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

आता हेच संघाच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून बघा. दोन खेळाडू जवळपास सारखे आहेत. एकाला सूट आहे, दुसऱ्याला नाही. सूट असलेला थोडा सरस असला तरी खाली तोच जाणार, कारण दुसऱ्याला पाठवलं तर तो हातचा जाऊ शकतो. म्हणून सूट संपणारा हंगाम कोणता, हे प्रत्येक तरुण खेळाडूच्या बाबतीत शोधून ठेवा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संघाला मनातलं बोलावंच लागतं: ठेवायचं तरी, नाहीतर गमवायची तयारी ठेवायची तरी.

आणखी दोन गोष्टी. १८-१९ वर्षांच्या मुलाला नऊ सामन्यांनंतर परत पाठवलं तर लगेच निराश होऊ नका. दहावा सामना खेळला की त्याच्या पहिल्या कराराचं एक वर्ष खर्ची पडतं, म्हणून संघ नवव्यावर थांबून विचार करतात. आणि करार एकतर्फी आहे की दुतर्फी, ते पाहा. २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलमधला किमान पगार ७,७५,००० डॉलर आहे. दुतर्फी करारावरचा मुलगा खाली गेला की त्याला याचा छोटासा अंशच मिळतो. एकतर्फी करार देणारा संघ मात्र खेळाडू कुठेही खेळला तरी पूर्ण पैसे मोजायला तयार असतो. काठावरच्या खेळाडूला पहिला एकतर्फी करार मिळाला, तर संघाच्या मनात काय आहे हे कुठल्याही मुलाखतीपेक्षा त्यातून स्पष्ट कळतं.

पायरी ३ : एएचएलचे आकडे वयासकट वाचा

एएचएलमधला गुण, म्हणजे गोल किंवा असिस्ट (गोलसाठी दिलेला पास), एनएचएलमध्ये जसाच्या तसा उतरत नाही. ढोबळमानाने निम्म्याहूनही कमी धरायचा. पण त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे वय.

दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. २००६-०७ च्या हंगामात डॅरेन हेदारने शिकागो वुल्व्हजकडून १२२ गुण केले, सलग ३९ सामन्यांत गुण मिळवण्याचा एएचएलचा विक्रम केला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. एनएचएलमध्ये त्याचे एकूण सामने झाले २३. २०१८-१९ मध्ये कार्टर व्हर्हेगीने सिरॅक्यूज क्रंचकडून ८२ गुण करत एएचएलमध्ये अव्वल स्थान मिळवलं. गुण हेदारपेक्षा चाळीसने कमी, पण वय २३. पुढच्याच हंगामात तो टँपा बेकडून एनएचएलमध्ये आला, २०२२-२३ मध्ये फ्लोरिडाकडून ४२ गोल केले आणि २०२४ व २०२५ चे स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकणाऱ्या फ्लोरिडा संघात तो होता.

हेदार अत्यंत हुशार खेळाडू होता, त्याबद्दल वाद नाही. पण २७ व्या वर्षी एएचएलवर राज्य करणारा बहुतेक वेळा त्या लीगसाठी पूर्ण तयार झालेला असतो. २१ व्या वर्षी तिथे बऱ्यापैकी खेळणारा अजून घडत असतो. म्हणून २० वर्षांच्या मुलाचे ७२ सामन्यांत ३५ गुण मला २६ वर्षांच्या खेळाडूच्या ६५ गुणांपेक्षा जास्त आशा देतात.

त्या गुणांतले पॉवर प्लेवरचे, म्हणजे समोरच्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे, किती, तेही वेगळे काढा. एएचएलमध्ये पहिल्या पॉवर प्लेवर दोन मिनिटं बर्फावर असणारा मुलगा वर गेला की ते काम त्याला मिळणार नसतं, तिथे आधीच ताऱ्यांची गर्दी असते. पाच विरुद्ध पाच खेळताना त्याने काय केलं, तेच सोबत वर जातं. गोलांपेक्षा शॉटांची संख्या पाहा. दर सामन्याला तीन शॉट घेणाऱ्याचे गोल काही काळ आटले तरी परत येतात. सव्वा शॉट घेणाऱ्याचे आटले की आटलेच.

युरोपातून येणाऱ्यांसाठी एक जादा खबरदारी. तिकडच्या बऱ्याच रिंक जवळपास ३० मीटर रुंद असतात. एनएचएलची रिंक ८५ फूट, म्हणजे २६ मीटर. कडेला मिळणारा तो जास्तीचा श्वास इथे नसतो. पक (खेळाची रबरी चकती) घेतला की समोरचा अंगावर आलेलाच असतो. अशा मुलाला किमान अर्धा हंगाम द्या.

पायरी ४ : त्याचं काम कोणतं, ते एका वाक्यात लिहा

माझ्या मते हीच सगळ्यात मोठी पायरी आहे, आणि नवखे पाहणारे नेमकी हीच गाळतात.

ज्युनियरमध्ये आणि विद्यापीठात जवळजवळ प्रत्येक एनएचएल उमेदवार आपापल्या संघाचा मुख्य खेळाडू असतो. पॉवर प्ले त्याचा, शेवटचं मिनिट त्याचं. वर आल्यावर त्यातल्या दहापैकी नऊ जणांना वेगळं काम करावं लागतं: रात्री नऊ-दहा मिनिटं, चौथ्या लाइनवर, पॉवर प्लेशिवाय. तेव्हा ‘हा किती गुणवान आहे?’ या प्रश्नाने काही कळत नाही. विचारायचं ते असं: ज्या रात्री हा गोल करणार नाही, त्या रात्री संघ याला कशासाठी उतरवेल?

उत्तर एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. ‘पेनल्टी किलवर (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) पहिल्या जोडीत खेळेल.’ ‘उजव्या हाताचा सेंटर (मधला फॉरवर्ड) आहे, स्वतःच्या झोनमधले, म्हणजे रिंकच्या आपल्या गोलकडच्या भागातले, फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) घेईल.’ ‘सगळ्यांत आधी पकवर पोचून समोरच्या बचावपटूला घाई करायला लावेल.’ ‘तिसऱ्या जोडीत पंधरा मिनिटं गडबड न करता पक बाहेर काढेल.’ असं वाक्य सुचलं, तर मुलाला आशा आहे. ‘हात फार मऊ आहेत, दृष्टी चांगली आहे, थोडा वेळ दिला तर...’ असंच काहीसं सुचत राहिलं, तर तो पहिल्या दोन लाइनवर बसेल इतका चांगला असला पाहिजे. मधली जागा त्याच्यासाठी नसते. दुसऱ्या लाइनला थोडा कमी आणि चौथ्या लाइनला निरुपयोगी, अशा खेळाडूंनी एएचएल भरलेली आहे.

अलेक्स बरोजला कुणीही ड्राफ्ट केलं नव्हतं. ईसीएचएल, म्हणजे एएचएलच्याही खालची लीग, तिथून त्याने सुरुवात केली. व्हँकुव्हरमध्ये २००५-०६ ला आला तो पेनल्टी किल आणि समोरच्याला हैराण करणारा खेळाडू म्हणून. त्या कामाने त्याला बर्फावर ठेवलं. पुढे संघाचे तारे असलेल्या सेडिन जुळ्या भावांच्या लाइनवर जागा रिकामी झाली तेव्हा तो हाताशी होता, आणि २००९-१० मध्ये त्याने ३५ गोल केले. एकूण ९१३ सामने खेळला. यानी गूर्डही न निवडलेला, पाच फूट नऊ इंचाचा, ईसीएचएलमधून वर आलेला. एनएचएलचा पहिला पूर्ण हंगाम त्याला २०१७-१८ मध्ये मिळाला, डिसेंबरात २६ पूर्ण झाले. त्या हंगामात ६४ गुण. पण टँपाने २०२० आणि २०२१ चे कप जिंकले तेव्हा त्याची जागा तिसऱ्या लाइनवर होती, समोरच्या संघाच्या उत्तम खेळाडूंना रोखण्यासाठी.

दोघांनाही गोल करता येत होते. पण त्यांना दार उघडून दिलं ते दुसऱ्याच कामाने.

पायरी ५ : एका सामन्यात फक्त त्यालाच बघा

पकवरून नजर काढणं सुरुवातीला फार जड जातं. तरी एक अख्खा सामना तसा पाहा. तो बर्फावर आला की उतरेपर्यंत डोळा त्याच्यावरच.

विंगर, म्हणजे कडेचा फॉरवर्ड, असेल तर एक जागा विशेष लक्षात ठेवा. आपल्याच झोनमध्ये, कडेच्या भिंतीपाशी, गोलरेषा आणि ब्लू लाइन (झोनची सीमारेषा) यांच्या साधारण मध्यावर तो उभा आहे. बचावपटूने गोलच्या मागून पक भिंतीच्या कडेकडेने त्याच्याकडे फिरवला. पक यायला जेमतेम एक-दीड सेकंद. त्याच क्षणी ब्लू लाइनवरून समोरचा नव्वद किलोचा बचावपटू थेट त्याच्या अंगावर उतरतोय, आणि आपल्या पोराची पाठ निम्म्या रिंककडे आहे.

आता बघा. चांगला विंगर पक येण्याआधीच खांद्यावरून मागे पाहतो, एकदा नाही, दोनदा. पक पोचतो तेव्हा कमरेत वाकून त्याने शरीर पक आणि अंगावर येणारा खेळाडू यांच्या मध्ये घातलेलं असतं. गरज पडली तर स्केटच्या पात्याने पक अडवतो, धक्का सोसतो आणि खालून वेगात येणाऱ्या सेंटरला हातभर अंतरावर पक देतो. तेही जमलं नाही तर काचेवर आपटून ब्लू लाइनबाहेर काढतो. टाळ्या कुणी वाजवत नाही, पण बाकावर उभा असलेला प्रशिक्षक ते पाहून ठेवतो.

कच्चा मुलगा फक्त पककडे बघत राहतो. धक्का बसणार म्हणून अर्धं पाऊल भिंतीपासून दूर सरकतो, किंवा न बघता पक मधोमध भिरकावतो. मग पक आपल्याच झोनमध्ये अडकतो, पाचही जण चाळीस सेकंद धापा टाकत बचाव करतात आणि शेवटी आपल्या गोलरक्षकावर शॉट. आकडेवारीत या चुकीपुढे त्या मुलाचं नाव बहुधा लागतही नाही.

एका सामन्यात असे पाच-सहा प्रसंग येतात. किती वेळा पक बाहेर गेला आणि किती वेळा नाही, एवढ्या दोनच रेघा वहीत ओढा. पाच सामन्यांनंतर त्या वहीत जे दिसेल, ते मुख्य क्षणांच्या व्हिडिओत कधीच दिसणार नाही.

बचावपटूची परीक्षा दुसरीकडे होते. समोरच्याने पक कोपऱ्यात ढकलला आहे, आपला बचावपटू पाठमोरा त्याच्यामागे धावतोय आणि मागून फोरचेक करणारा, म्हणजे पक हिसकवायला आलेला समोरचा, येतोय. पकवर पोचण्याआधी त्याने मागे वळून पाहिलं का? पहिला पास थेट कुणाच्या स्टिकवर गेला, की घाबरून भिंतीवर मारला? मोठ्या अंगाचे, शॉट जोरात मारणारे कितीतरी बचावपटू इथेच अडकतात.

स्केटिंग पाहताना सर्वाधिक वेगाला फार भुलू नका. एनएचएल एज या लीगच्याच आकडेवारीच्या संकेतस्थळावर खेळाडूंचा वेग आणि ताशी २० मैलांवरच्या धावा बघता येतात, आणि त्या बघाव्यातच. पण काठावरच्या खेळाडूचं ठरतं पहिल्या तीन पावलांवर. जागेवरून उठायला त्याला किती वेळ लागतो? आणि पक हातून गेला की तो जागीच थांबून दिशा बदलतो, की मोठा गोल वळसा घेऊन मागे येतो? थांबणारा खेळाडू मला कधीही जास्त आवडतो. वळसा घेताना वेग छान दिसतो, पण तोवर समोरचा दहा फूट पुढे निघून गेलेला असतो.

एक सूचना: एएचएलचे संघ शनिवार-रविवार धरून तीन दिवसांत तीन सामनेही खेळतात. तिसऱ्या दिवशीचा सामना पाहून कुणाला आळशी ठरवू नका. उलट त्या दिवशीही ज्याच्या शिफ्ट (बर्फावरची एकेक फेरी) पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास राहतात, जो दमल्यावर मुकाट्याने बाकावर येतो, त्याच्या नावापुढे खूण करा.

पायरी ६ : प्रशिक्षक काय बोलतो ते सोडा, काय करतो ते पाहा

पत्रकार परिषदेत प्रत्येक तरुण खेळाडू ‘चांगली ऊर्जा आणतो’. खरं मत शिफ्टच्या नोंदींत असतं. एनएचएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याचा शिफ्टनिहाय वेळ मिळतो. तिसऱ्या सत्रात, एका गोलाची आघाडी असताना, तो किती वेळ बर्फावर होता? पहिल्या दोन सत्रांत मिळून आठ मिनिटं आणि तिसऱ्यात पन्नास सेकंद, असं सतत दिसत असेल तर भरवसा बसलेला नाही.

चूक झाल्यावर काय होतं, तेही बघा. त्याच्या चुकीवर गोल पडला आणि तो पुढची दहा मिनिटं बाकावर बसला, तर तो अजून परीक्षेत आहे. लगेच पुढच्या फेरीत पाठवला, तर प्रशिक्षकाने त्याला आपलं मानलं आहे. शिफ्ट कुठल्या झोनमधल्या फेसऑफने सुरू होतात, हाही इशारा आहे. नेहमी समोरच्याच झोनमध्ये उतरवलं जात असेल, तर त्याला सांभाळून खेळवताहेत. अशा मुलाचा शॉटांचा हिशोब चांगला दिसला तरी तो थोडा खाली ओढून वाचा.

पायरी ७ : थोड्या सामन्यांवर विश्वास ठेवू नका

शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. हॉकीत ती होत नाही. समजा एखाद्याने बारा सामन्यांत २० शॉटांवर ५ गोल केले. म्हणजे चार शॉटांमागे एक. एनएचएलमध्ये साधारण दहा शॉटांमागे एक गोल होतो. त्या हिशोबाने त्याचे दोनच व्हायला हवे होते. उरलेले तीन नशिबाचे, ते पुढच्या महिन्यातही येतील असं धरू नका. उलटही तितकंच खरं: ३० शॉटांवर एकही गोल नसलेला मुलगा चांगल्या जागेवरून शॉट घेत असेल, तर त्याला सोडू नका.

२०१५ च्या फेब्रुवारीत ऑटावाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले आणि अँड्र्यू हॅमंडला उभं करावं लागलं. २७ वर्षांचा, एएचएलमध्ये साधारणच हंगाम चाललेला. त्याने २० सामने जिंकले, नियमित वेळेत एकच हरला, ०.९४१ च्या सरासरीने शॉट अडवले आणि संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, नेलं. तो वसंत ज्याने पाहिला तो विसरणार नाही. तरीही हॅमंड पुन्हा कधी कुठल्या संघाचा पहिल्या क्रमांकाचा गोलरक्षक झाला नाही. दोन महिन्यांचा खेळ खरा होता, पण तो मोजमापाला पुरेसा नव्हता.

माझी स्वतःची मर्यादा अशी: स्केटरबद्दल ४० एनएचएल सामन्यांआधी पक्कं मत नाही. आधी भिंतीपाशीचा हिशोब, प्रशिक्षकाचा भरवसा आणि शॉटांची संख्या. गोल सगळ्यात शेवटी.

गोलरक्षकांना हे सगळं वेगळ्या मापाने लावावं लागतं, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात. ते उशिरा पिकतात. टिम थॉमसला १९९४ मध्ये २१७ व्या क्रमांकावर निवडलं होतं, मग तो फिनलंड आणि स्वीडनमध्येही खेळून आला, बोस्टनमध्ये नियमित झाला तोवर ३१ वर्षांचा होता, आणि २०११ मध्ये प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरून स्टॅन्ली कप जिंकला. २३ वर्षांच्या गोलरक्षकाबद्दल ठाम भाकीत करायच्या फंदात नवख्याने पडूच नये.

पायरी ८ : मुलगा आणि जागा, दोन्ही वेगळे तोला

व्हर्हेगीकडे परत येऊ. टोरांटोने त्याला २०१३ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलं, पण त्यांच्याकडून तो एकही एनएचएल सामना खेळला नाही. टँपाकडे पहिल्या हंगामात ५२ सामन्यांत १३ गुण. संघ ताऱ्यांनी भरलेला, जागा चौथ्या लाइनवर. टँपाने त्याला जाऊ दिलं. फ्लोरिडात कर्णधार बार्कोव्हच्या शेजारी उभा राहिला आणि पहिल्याच छोट्या हंगामात ४३ सामन्यांत ३६ गुण केले. खेळाडू तोच, सहा महिन्यांपूर्वीचा.

पॉल बायरनला २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलगरीने वेव्हर्सवर ठेवलं आणि माँट्रियलने उचललं. त्याच्याकडे वेग होता, पेनल्टी किलचं काम होतं. २०१६-१७ मध्ये त्याने २२ गोल केले. वेव्हर्सवर गेलेल्या खेळाडूचं नाव यादीत पाहिलं की आता संपलं असं समजू नका. त्याला कोण उचलतं आणि त्या संघात त्याच्या कामाची जागा रिकामी आहे का, ते पाहा.

म्हणून वहीत दोन वेगळी वाक्यं लिहायची. एक खेळाडूबद्दल: हा कुठल्यातरी एनएचएल संघात टिकेल का? दुसरं जागेबद्दल: याच संघात टिकेल का? पुढे किती वर्षांचे करार आहेत, त्याच्या बाजूला आणखी कोणते तरुण रांगेत आहेत, प्रशिक्षक बदलतोय का, हे दुसऱ्या वाक्यात जातं. बरीच भांडणं ही दोन वाक्यं एकत्र केल्यामुळे होतात.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. कुठल्याही लहान चणीच्या, न निवडलेल्या मुलासाठी लोक मार्टिन सेंट लुईसचं नाव घेतात. कॅलगरीने २००० मध्ये त्याला सोडलं, टँपाने घेतलं, २००४ मध्ये तो एनएचएलचा सर्वाधिक गुण करणारा आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. मलाही ही कहाणी फार प्रिय आहे. पण कॅलगरीत असतानाही एएचएलमध्ये त्याचे गुण सामन्यामागे एकाहून जास्त होते, त्याचे पाय आणि त्याची भूक तेव्हाही दिसत होती. तुमच्या खेळाडूकडे तसं काही दिसत असेल तर त्याचं नाव घ्या. फक्त उंची जुळते म्हणून घेऊ नका.

पायरी ९ : मत लिहा, तारीख घाला

‘टिकेल’ किंवा ‘नाही टिकणार’ असं लिहू नका. दहापैकी किती, असं लिहा. माझ्या वहीतल्या बहुतेक काठावरच्या मुलांपुढे दहापैकी दोन किंवा तीन असतं. पाच लिहायला मी खूप विचार करतो. शेजारी ते एक वाक्याचं काम, सूट संपायचं वर्ष, आणि एक अट: काय दिसलं तर मी हा आकडा बदलेन. ‘जानेवारीपर्यंत पेनल्टी किलवर दिसला तर तीनचे पाच.’ ‘पुन्हा खाली गेला आणि तिथेही तिसऱ्या लाइनवर खेळला तर एक.’

आकडा बदलण्यासाठी ठरावीक तीन वेळा पुरतात: यादी लागल्यावर, हंगामाच्या मध्यावर आणि हंगाम संपल्यावर. प्रत्येक सामन्यानंतर बदलत बसलात तर शेवटी गोलच मोजत राहाल. आणि त्या मुलाने दोन वर्षांनी तुमचं लिहिलेलं खोटं पाडलं, तर जुनं पान फाडू नका. त्या पानावर भिंतीपाशीच्या रेघा किती होत्या आणि तुम्ही त्यांच्याकडे बघूनही काय लिहिलं होतं, ते परत वाचा.

सुरुवात सोप्या गोष्टीने करा. पुढच्या सामन्यात चौथ्या लाइनचा एक विंगर निवडा, त्याचा क्रमांक वहीच्या डोक्यावर लिहा आणि पहिलं सत्र संपेपर्यंत पक त्याच्याकडे भिंतीपाशी किती वेळा आला आणि त्यातला किती वेळा ब्लू लाइनपलीकडे गेला, फक्त तेवढं मोजा.